रंगपेटी सापडली, आता पाहुण्यांचं काय करू?

हे पत्र खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या पुढच्या एका गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई पंचावन्नच्या आसपासच्या. लग्नाआधी त्या बेळगावात जलरंग शिकल्या. पुढं यजमानांच्या बदल्या, मुलाची शाळा, सासूबाईंचं दुखणं यांत ब्रश सुटला. यजमान निवृत्त झाल्यावर दोघं गावाकडच्या कौलारू घरी परतली. चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी-येणारी वर्दळ बघून त्यांनी फंडातले पैसे घातले, परड्यात दोन खोल्या बांधल्या आणि होमस्टे सुरू केला.

पहिल्या पाहुण्यांसाठी जादा गाद्या काढायला ताई माळ्यावर चढल्या, तर बदल्यांच्या गावोगाव फिरलेल्या जुन्या ट्रंकेत रंगपेटी सापडली. तिथून योगायोगांची रांगच लागली. एका पहाटे त्या सोप्यात बसून जुने रंग भिजतात का बघत होत्या. घाटात अवकाळी पावसानं झाड पडल्यामुळं अडकलेले एक निवृत्त कलाशिक्षक त्या रात्री मुक्कामाला होते. ते समोर येऊन उभे राहिले आणि बोलता बोलता ताईंच्या सरांचे गुरुबंधू निघाले. दोघंही बेळगावचे चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेले. जाताना ते कागदांची अर्धी वही आणि दोन ब्रश ठेवून गेले. पुढं एका मुक्कामात, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन कुटुंबांत एकाच दिवशी वाढदिवस आले. ताईंनी दोघांना छोटी चित्रं करून दिली, एकानं हट्टानं पैसे ठेवले. आणि एका पाहुणीला सोप्यात टांगलेल्या चित्रातली विहीर बघून रडू आलं. तिच्या आजीचं माहेर त्याच गल्लीतलं होतं.

जूनपासून मात्र सगळं थांबलं. बुकिंग नाही, चित्र नाही, कलाशिक्षकांनी दिलेल्या वहीला बुरशी आली. ताई लिहितात, "मी काही मागितलं नव्हतं, सगळं आपोआप येत गेलं. देवानं खुणा दाखवल्या, मी त्या मनावर घेतल्या नाहीत, म्हणून तो गप्प झाला का? खोल्या बंद करून तिथं स्टुडिओ करू का? यजमान म्हणतात, असे योगायोग होत असतात, तू खोल्यांकडं बघ. मुलगा बेंगळूरहून म्हणतो, चित्रकलेचे वर्ग आणि मुक्काम असं एकत्रच सुरू कर. मला काहीच कळेनासं झालंय."

ताई,

आधी त्या गप्प होण्याबद्दल बोलते, कारण त्यानंच तुम्हाला जास्त छळलेलं दिसतंय. कुणीही तुमच्यावर रुसलेलं नाही. जून ते ऑगस्ट पाहुणे आले नाहीत, कारण कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात त्या दिवसांत पाऊस काय असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन कोण येईल? आणि वहीचं म्हणाल तर जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, बऱ्याचदा जिलेटिनची. त्या खळीमुळंच रंग कागदावर तरतो, लगेच आत मुरत नाही. ओल्या हवेत बुरशी धरते ती आधी त्याच खळीला. उघड्या फळीवर ठेवलेली कुणाचीही वही तुमच्या गावात जुलैमध्ये खराब झालीच असती, मग तिच्या मालकिणीनं खुणा ओळखल्या असोत की नसोत.

आता त्या आनंदाच्या गोष्टींकडं येऊ. त्या खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. तुमचं पत्र वाचताना मलाही आनंद झाला, विहिरीच्या प्रसंगापाशी तर मी थांबलेच. पण तुम्ही म्हणता तसं ते "आपोआप" आलं का, एवढंच जरा बघू या.

रंगपेटीपासून सुरुवात करते. ती गाद्या काढताना सापडली, हा योगायोग. पण ती ट्रंकेत होती कशी? बदलीचं सामान बांधताना बाई काय काय टाकून देते हे मी जाणते. पितळेची जड भांडी जातात, मुलाचा पाळणा जातो, लग्नातले फोटोसुद्धा माहेरी ठेवायला जातात. तुम्ही प्रत्येक गावी ट्रंक रिकामी केली आणि पुन्हा भरली, आणि दर वेळी त्या पेटीला जागा केली. कुणी विचारलं असतं तर "राहू दे, कधीतरी लागेल" म्हणाला असता. हे तुम्ही तीस वर्षं केलं आहे. त्याचं श्रेय माळ्याला देऊ नका.

कलाशिक्षकांचंही तसंच. घाटात झाड पडलं हे तुमच्या हातात नव्हतं. पण त्यांचे आणि तुमच्या सरांचे गुरू एकच निघावेत, यात मला तुम्हाला वाटलं तेवढं नवल वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. बेळगाव केवढं, आणि त्यात जलरंगात काम करणाऱ्यांचं जग केवढं? के. बी. कुलकर्णींनी इथं माणसं घडवली. बेळगावात १९३५ साली जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. आपल्या भागात त्या पिढीचा ब्रश धरणारा माणूस भेटला, की चार प्रश्नांत बोलणं त्यांच्यापाशी किंवा त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्यापाशी येऊन थांबतं. म्हणजे ओळख निघणं सोपं होतं. अवघड होतं ते दुसरंच. परक्या पाहुण्याच्या देखत, इतक्या वर्षांनी, हात नीट चालत नसताना तुम्ही सोप्यात रंग घेऊन बसला होता. तुम्ही ती पेटी परत ट्रंकेत टाकली असती, तर ते सर चहा पिऊन, रस्ता मोकळा झाल्यावर निघून गेले असते. दोघांनाही कधी कळलं नसतं.

वाढदिवसांचं गणित तर अगदी साधं आहे. कुठलीही २३ माणसं एका जागी जमली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच असते. तुमच्या दोन खोल्यांत एका वेळी एवढी माणसं नसणार, पण वर्षभराचं रजिस्टर उघडून तारखा जुळवायला बसलात तर अशा जोड्या सापडत राहतील. दोन्ही वाढदिवस मुक्कामातच यावेत हे त्याहून विरळ, पण ते ध्यानात आलं एवढ्यासाठीच, की तुम्ही दोन्ही घरांशी बोलला होता, म्हणून वाढदिवस कळले, आणि दोन चित्रं करायचा उत्साह तुमच्यात होता. एखाद्या लॉजच्या काउंटरवर तो योग कुणाच्या ध्यानातही आला नसता.

विहिरीबद्दल जास्त बोलत नाही. बेळगाव, खानापूर, चंदगड, सत्तरी या भागात सोयरीक इतकी एकमेकांत गुंतलेली आहे, की त्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणाची ना कुणाची आजी तुमच्या गावची असणारच. पण ती विहीर ओळखू यावी इतकी खरी तुम्ही रंगवलीत.

दुसऱ्या बाजूनंही बघा. आलेल्या पाहुण्यांपैकी किती जणांनी त्या चित्राकडं ढुंकूनही पाहिलं नाही? किती जण फक्त वायफाय आणि गरम पाणी विचारून गेले? त्यांची नोंद आपण ठेवत नाही, कुणीच ठेवत नाही. जे जुळतं तेच लक्षात राहतं, म्हणून आपल्या आठवणीत सगळं जुळलेलंच दिसतं. यजमान "असे योगायोग होत असतात" म्हणतात ते या अर्थानं बरोबर आहे. पण म्हणून चित्रांचा विषय संपत नाही, आणि हे त्यांनाही कळायला हवं.

आता मूळ मुद्द्याकडं येते. "मी काही मागितलं नव्हतं" हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी परत परत वाचलं. तुम्ही ते नम्रपणे लिहिलंत, पण मला तिथंच सगळी गाठ दिसते.

आपल्याकडं देवाला कौल लावतात ते आठवा. गुरव मूर्तीला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावतो आणि उजवा कळा पडतो की डावा हे सगळे बघतात. पण त्याआधी गाऱ्हाणं घालावं लागतं. काय विचारायचं आहे ते चारचौघांसमोर, मोठ्यानं, स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. तुमच्याकडं कळे पडत गेले, पण गाऱ्हाणं कुणी घातलंच नाही. तुम्ही घरात कधी म्हणालात का, की मला चित्रं काढायची आहेत, रोज थोडा वेळ हवा आहे, आणि त्या वेळात चहा दुसऱ्या कुणीतरी करावा? पत्रात तसं कुठं दिसलं नाही. यजमानांना तुम्ही झालेले प्रसंग सांगितलेत. तुमची इच्छा सांगितली नाहीत. म्हणून त्यांनी प्रसंगांना उत्तर दिलं.

हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. आपल्या वयाच्या बहुतेक बायकांना स्वतःसाठी वेळ मागायला कारण लागतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला जाते, महाराजांनी सांगितलं म्हणून पारायणाला बसते, नातवाला हवं म्हणून गाणं शिकते. नुसतं "मला हवंय" म्हणायला जीभ वळत नाही. मग देवानं खूण दाखवली हे फार बळकट कारण होतं, त्यापुढं घरातलं कुणी काही बोलू शकत नाही. पण त्याची किंमत तुम्ही गेले तीन महिने मोजताय. परवानगी खुणांनी दिली असली की खुणा थांबल्या त्या दिवशी परवानगीही जाते. शिवणकाम, भजन, लिखाण, काहीही पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या ज्या कुणी हे वाचत असतील, त्यांनीही आपल्या मनाशी हे एकदा तपासावं.

म्हणून पहिलं काम यजमानांशी बोलायचं. त्यात झाड, विहीर, वाढदिवस काही आणू नका. एवढंच सांगा, की मला परत चित्रं काढायची आहेत, मनापासून, आणि त्यासाठी आठवड्यातले हे दिवस आणि हे तास मला लागतील. त्यांच्या फंडातले पैसे त्या खोल्यांत आहेत, त्यांची काळजी खरी आहे, तीही शांतपणे ऐका. फंड आयुष्यात एकदाच मिळतो.

खोल्या बंद करू नका असं माझं मत आहे, आणि ते केवळ पैशासाठी नाही. तुम्ही पत्रात पाहुणे आणि चित्रं ही दोन टोकं धरली आहेत, जणू एक ठेवायचं तर दुसरं सोडायलाच हवं. पण तुमच्या चारही प्रसंगांत पाहुणे आहेत. गाद्या पाहुण्यांसाठी काढल्या, सर पाहुणे म्हणून आले, वाढदिवस पाहुण्यांचे, विहीर पाहुणीनं ओळखली. खोल्यांना कुलूप लावून स्टुडिओत बसलात, तर तिथं येणार कोण? शिवाय चित्रांवर घर चालवायची वेळ आली, की विकलं जाईल तेच काढावंसं वाटतं. इतक्या वर्षांनी हात मोकळा होत असताना त्याच्यावर हे ओझं नको.

मुलाची कल्पना प्रेमानं आलेली आहे, तरी सध्या तिला थांबवा. वर्ग घेणं म्हणजे आणखी पाहुणेच. सकाळी नाष्टा, मग शिकवणं, मग जेवण, मग त्यांचे ब्रश धुणं. तुम्ही दिवसभर चित्रकलेत असाल आणि तुमचं स्वतःचं एकही चित्र होणार नाही. दोन-तीन हंगाम स्वतः काम करा, मग शिकवावंसं वाटलं तर बघू.

मग काय करायचं? रजिस्टर काढा आणि गेल्या वर्षी कुठल्या वारी खोल्या रिकाम्या होत्या ते बघा. त्या रस्त्यावरची गर्दी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार असते, मंगळवार-बुधवार बहुतेक मोकळे गेले असतील. ते दोन दिवस बुकिंगलाच बंद ठेवा. कधीतरी एखादं गिऱ्हाईक जाईल, ते जाऊ दे. त्याचा हिशेब आधीच यजमानांसमोर मांडा, म्हणजे महिनाअखेर वाद नको. आणि शनिवार-रविवारच्या भाकऱ्या-आंबोळ्यांसाठी गावातलीच एखादी बाई ठेवा, तिला रोजचे पैसे द्या. हा खर्च खोल्यांच्या उत्पन्नातून करायचा. पाहुण्यांचं सगळं मीच केलं पाहिजे असं तुम्हाला वाटत असेल, तर दमायला तिथंच होतं.

त्या दोन दिवसांत काढलेलं चित्र चांगलं यायलाच हवं असं नाही. वहीच्या मागच्या पानावर तारीख टाका, "बसले" एवढंच लिहा. काही न घडलेल्या दिवसांची अशी नोंद झाली, की पुढच्या पावसाळ्यात घाबरायला होणार नाही.

बुरशी लागलेले कागद फेकू नका, पण चांगल्या कागदांत मिसळूही नका. एखाद्या कोरड्या दिवशी उन्हात धरून, नाका-तोंडाला रुमाल बांधून, अंगणात मऊ ब्रशनं झटका. खळ गेली असेल तिथं रंग टिपकागदासारखा शोषला जाईल, डाग पडतील. ते सरावाला वापरा. नवीन कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की कढईत मंद आचेवर कोरड्या करता येतात, मात्र कागदी पुड्या असल्या तर दाणे बाहेर काढून, आणि ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नको. जुन्या पेटीतले जलरंगाचे केक कितीही वाळले तरी डिंकावर बांधलेले असतात, पाण्यात परत जागे होतात, हे तुम्ही अनुभवलंच आहे. ॲक्रिलिक किंवा तैलरंगाची ट्यूब आत कडक झाली असेल तर तिचा नाद सोडा. ब्रशच्या केसांना कसर लागते, ते डांबराच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवा.

आणि पावसात चित्रं होत नाहीत असं कुठं आहे? वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, लवकर वाळत नाही ही तक्रार खरी, पण ओल्यावर ओला रंग सोडायचा असेल तर त्यासारखी हवा नाही, कडा बराच वेळ मऊ राहतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात खरी पंचाईत हिरव्याची होते. पेटीतला हिरवा जसाच्या तसा लावला की सगळं चित्र प्लास्टिकसारखं दिसतं. त्यात थोडा बर्न्ट सिएना मिसळून बघा, आपल्या तांबड्या मातीचाच रंग तो, हिरवा लगेच जमिनीवर येतो. ज्या दिवशी काहीच वाळणार नाही त्या दिवशी पेन्सिल आणि शाई आहेच. पाऊस ओसरला की एखाद्या बुधवारी हलशीला जा. कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बाहेरून नुसतं दोन रंगांत उतरवायचं म्हटलं तरी सकाळ जाते. यजमानांना बरोबर न्या, त्यांनाही खोल्यांच्या हिशेबातून मोकळा दिवस हवा असेल.

त्या सरांचा फोन नंबर रजिस्टरमध्ये असेलच. पुढची भेट झाड पडण्यावर सोडू नका. फोन करा, मंगळवारी मुक्कामाला या म्हणा, तुमच्यासोबत काम करायचं आहे हे सरळ सांगा. अशा निवृत्त माणसांना बोलावणाऱ्या माणसांची वाट असते.

पैशाचं एक राहिलं. त्या वाढदिवसाच्या चित्राचे पैसे घेताना तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, असं पत्रात आहे. इथून पुढं प्रत्येक पाहुण्याला चित्र भेट द्यायची सवय लावून घेऊ नका, ती लोकांच्या अंगवळणी पडते. सोप्यात चार चित्रं लावा. खोल्यांत लावलीत तरी तिथं किमतीची चिठ्ठी नको, झोपायच्या जागी दुकान वाटता कामा नये. कुणी विचारलं तर सांगायचा आकडा आधीच ठरवा. कागद, फ्रेम आणि तुमचे तास धरून ठरवा, आणि तो सांगताना "तुम्ही काय द्याल ते" म्हणू नका. पहिल्या हंगामात त्यातून जे येईल ते घरखर्चात घालायचं नाही, हे आत्ताच यजमानांशी बोलून घ्या. त्यातून कागद घ्या, ३०० जीएसएमचा म्हणजे जाड, सुती. तो महाग पडतो, म्हणूनच स्वतःच्या चित्रांच्या पैशानं घ्या.